धोट्याच्या पायाचं मलम

सुरतेत मे महिन्यात लग्न काढायचं म्हणजे पाहुण्यांना आधी घामाची अंघोळ घालायची आणि मग जेवायला वाढायचं. तरी खानदेशी माणूस लग्न काढतो ते मे महिन्यातच. भाईदासनंही काढलं. मुलगा धर्मेंद्र गोडादऱ्याचा, नवरी योगिता शेजारच्या लिंबायतची, दोन्हीकडची माणसं मूळ शहाद्याकडची आणि आता सगळी सुरतेच्या साड्यांवर जगणारी. सगळं कसं छान जुळलं होतं. अडचण एकच होती आणि ती चार पायांची होती.

तिचं नाव धोटा. मागावर इकडून तिकडे, तिकडून इकडे धावत सुटतो तो लाकडी धोटा, आणि हा कुत्राही पिल्लू असताना उधन्याच्या लूम कारखान्यात दोन मागांच्या मधून तसाच धावत सुटला होता. भाईदास तिथे कारागीर. त्यानं त्याला शर्टात घालून घरी आणलं. बायको गेली त्याच वर्षीची ही गोष्ट. धर्मेंद्र दिवसभर कामावर, मुलगी सुषमा उधन्यात सासरी, आणि एका खोलीचं ते घर भाईदासला एकाएकी मैदानाएवढं मोठं वाटायला लागलं होतं. धोटा आला आणि घर पुन्हा लहान झालं, कुठेही पाय टाकला तरी शेपटीवर पडायचा.

साखरपुड्याला या धोट्यानं पराक्रम केला. योगिताची आजी पार्वतीबाई म्हणजे लिंबायतच्या त्या गल्लीची सरन्यायाधीश. लग्नात कुणी कुठे बसायचं, आहेर कुणी आधी द्यायचा, अक्षता कुठल्या हातानं टाकायच्या, सगळ्याचा निकाल तिच्याकडे. ती बाई पाटावर बसून मान उंच करून सगळ्यांना शिस्त लावत होती, आणि धोट्यानं मागून येऊन तिच्या कमरेची चंची पळवली. पानं, सुपारी, चुना, सगळं गल्लीभर झालं. पार्वतीबाई पाटावर उभी राहिली ती खाली उतरेचना. वर उभी राहूनच तिनं निकाल दिला, की हे जनावर त्या घरात राहणार असेल तर आमची पोर त्या घरात येणार नाही.

सगळे भाईदासकडे बघायला लागले. धर्मेंद्रचा चेहरा पांढरा पडला होता. भाईदास आयुष्यात कुणाला नाही म्हणायला शिकलाच नव्हता. त्यानं मान डोलावली आणि शब्द दिला, की हळदीच्या दिवशी धोटा घरातून जाईल.

जाईल कुठे, तेही ठरलं. दगा नावाचा त्याचा जुना दोस्त शहराच्या दुसऱ्या टोकाला, इच्छापोरच्या एका कारखान्याचा टेम्पो चालवायचा. कारखान्याच्या आवारात राखणीला कुत्रा हवाच होता. दगा येऊन धोट्याला बघून गेला, त्याचे पाय उलटे करून बघितले आणि तोंड वाकडं केलं.

"भाईदास भो, याना पाय ते फुटी जायेल शेतस! आमना आवारमा सगळी खडी. हाऊ तठे चालीच कसा?"

खरंच होतं ते. गोडादऱ्याहून उधन्याला जाणारा रस्ता रुंद होऊन त्यावर नवं काळंभोर डांबर पडलं होतं. माणसांना ते आवडलं, सायकली सुळसुळ धावायला लागल्या, पण धोटा रोज भाईदासच्या मागे उधन्यापर्यंत पायी यायचा. दुपारी ते डांबर तव्यासारखं तापायचं. त्याच्या पंजाखालच्या मऊ काळ्या गाद्या आधी खरखरीत झाल्या, मग कोरड्या पडल्या, मग त्यांना भेगा गेल्या. तो चालताना एकेक पाय उचलून झटकायचा आणि भाईदासकडे असा बघायचा, की रस्ता भाईदासनंच तापवला आहे.

"पाय बरा करी ठेव, मंग लई जास," असं सांगून दगा गेला.

आणि भाईदासची मोठी पंचाईत झाली. पाय बरे झाले तर धोटा जाणार. बरे नाही झाले तर धोटा लंगडणार. आता अशा वेळी माणसानं करावं काय? भाईदासनं दोन्ही केलं. बरे व्हावेत म्हणून जिवापाड खपला आणि बरे होताना दिसले की तोंड पाडून बसला.

लहानपणी त्याची आई बापाच्या टाचांना मलम लावायची. तिळाच्या तेलात मधाच्या पोळ्याचं मेण वितळवायचं, चिमूट दोन चिमूट हळद टाकायची, झालं. भाईदासनं गावाहून मेण मागवलं. रोज संध्याकाळी तो धोट्याला ओट्यावर आडवा पाडायचा, कोमट पाण्यानं एकेक पाय धुवायचा, बोटांच्या फटीत अडकलेले डांबराचे खडे तेलाच्या बोटानं हळूहळू सोडवायचा, फडक्यानं टिपून कोरडं करायचा आणि मग मलम चोळत बसायचा. धोटा आधी ओरडायचा, मग जांभई द्यायचा, मग झोपायचा. रस्त्यावर नेण्याआधी भाईदास स्वतः वाकून हाताची उलटी बाजू डांबरावर टेकवून बघायचा. हात ठेववला नाही तर धोटा घरी. गल्लीतल्या बाया म्हणायच्या, भाईदासभाऊ रस्त्याच्या पाया पडतो.

पण धोट्याला मलम गोड लागायचं. लावून झालं की पठ्ठ्या चारही पाय चाटून साफ. म्हणून भाईदासनं कारखान्यातून साटिनच्या चिंध्या आणल्या आणि चार मोजे शिवले, गुलाबी, वर जरीची कड. नाडी बांधून धोटा चालायला लागला तेव्हा गल्लीतली माणसं भिंतीला धरून हसली. धोट्याला मात्र आपण फार देखणे दिसतो असं वाटत असावं. तो उगाचच दारोदार फिरून आला.

आणि भेगा भरल्या. गाद्या पुन्हा मऊ झाल्या. भाईदासनं त्यावर अंगठा फिरवून बघितला, आनंदानं "वा रे मना वाघ!" म्हणाला आणि कुणी बघायच्या आत मोजे पुन्हा चढवले.

हळदीचा दिवस उजाडला. सुषमा पहाटेच येऊन दाखल झाली होती आणि तिनं घर ताब्यात घेतलं होतं. पुढे गल्लीत मांडव, मांडवाला कर्णा, कर्ण्यावर कॅसेट, आणि कॅसेटच्या वरताण बायांची गाणी. सवाष्णींनी गाणी म्हणत हळद कुटली, त्यात आंबेहळद टाकली, नागरमोथा टाकला, पाण्यात कालवली आणि पितळी वाटीत भरून आधी देवापुढे ठेवली. देव घराच्या एकुलत्या एका फळीवर राहत होते. त्याच फळीच्या दुसऱ्या टोकाला, धोट्याच्या जिभेपासून लांब, आणखी एक पितळी वाटी रोजच असायची. दोन्ही वाट्या भाईदासच्या बायकोच्या लग्नातल्या, एकाच ठशाच्या. दोन्हीत पिवळं. मेची दुपार अशी होती, की एरवी घट्ट असणारं मेणाचं मलमही पातळसर होऊन बसलं होतं.

हळदीच्या बायांत विधुर बापाचं काय काम? भाईदास मागच्या दारी पायरीवर बसला होता. दगाचा निरोप आला होता, टेम्पो घेऊन निघतोय. भाईदासला वाटलं, शेवटचं मलम लावून घेऊ. तो आत गेला, फळीवर हात घातला आणि वाटी घेऊन आला. डोळे सारखे भरून येत होते. कोणती वाटी, ते बघायला डोळे मोकळे कुठे होते? त्यानं धोट्याचा पाय मांडीवर घेतला. आज मलम जरा दाणेदार लागत होतं. मेण नीट विरघळलं नसेल, असं म्हणून तो चोळत राहिला. वास हळदीचा येत होता, पण आज सगळ्या घराला, गल्लीला, कुत्र्याला, माणसाला तोच वास होता. शेवटचंच आहे म्हणून त्यानं हात आखडता घेतला नाही. आख्खी वाटी चार पायांवर रिकामी केली, मोजे घातले आणि धोट्याच्या डोक्यावर हात ठेवून बसला.

तिकडे सुषमानं फळीवर उरलेली वाटी उचलली आणि मांडवात नेली.

धर्मेंद्र पाटावर बसला होता. बायांनी त्याला दोन्ही हातांनी माखला. कपाळ, गाल, दंड, पाठ, सगळं पिवळं आणि चकाचक झालं. करवल्या म्हणाल्या, काय तेज आलंय बघा! तेज वाढतच गेलं. पंखा लावला, पुठ्ठ्यानं वारा घातला, हळद काही सुकेना. एक माशी त्याच्या खांद्यावर बसली आणि घसरली. धर्मेंद्रचे कारखान्यातले गुजराती मित्र बघत होते. त्यानं त्यांच्याकडे बघून हात वर केले.

"आ शुं लगाड्युं छे, यार? चीकणुं चीकणुं छे बधुं!"

"बोलू नको, हळदीत नवऱ्यानं बोलायचं नसतं," सुषमानं दटावलं. तिला घाई होती. नवऱ्याला लावून उरलेली उष्टी हळद नवरीकडे पोचवायची होती, तिकडे पार्वतीबाई घड्याळ लावून बसली असणार. उरलेली वाटी, हळदीची साडी आणि दोन करवल्या घेऊन ती रिक्षात बसली आणि गेली.

दगाचा टेम्पो मागच्या दारी येऊन थांबला. भाईदास उठला. आयत्या वेळी त्याला वाटलं, नाड्या सैल असतील, इच्छापोरपर्यंत मोजे पडायचे. त्यानं एक मोजा सोडला, आणि त्याच्या हातावर पिवळ्या खपल्या गळाल्या. पंजा कोरडा ठणठणीत होता. तेल नाही, चिकटपणा नाही. त्यानं पाय नाकाशी नेला. नागरमोथ्याचा घमघमाट आला. धोट्याला लग्नाचा वास येत होता.

भाईदास उभ्या उभ्या गार पडला. मग तो घरातून धावत मांडवात गेला. धर्मेंद्र तुपात तळल्यासारखा चमकत बसला होता. भाईदासनं त्याच्या गालाला बोट लावलं, बोट चोळून बघितलं, आणि तो उलट्या पावली मागच्या दारी पळाला.

"दगा, गाडी काढ! लिंबायत!"

"लिंबायत? आपले ते इच्छापोर जानं शे ना?"

"पहिले लिंबायत! मना आंडोरनं, धर्मेंद्रनं लगीन मोडी राह्यनं!"

दगानं टेम्पो असा काढला, की धोटा भाईदासच्या मांडीवर आणि भाईदास दाराच्या काचेवर. गोडादऱ्याच्या वळणावर साड्यांच्या गठ्ठ्यांचा हातगाडीवाला आडवा आला, दगा ओरडला, हातगाडीवाला ओरडला, धोटा दोघांवर भुंकला. फाटकाशी एक म्हैस उभी होती, तिला कुठेही जायचं नव्हतं. भाईदास खिडकीतून अर्धा बाहेर येऊन तिला हात जोडत होता. धोट्याला मात्र वाटत होतं, की ही सगळी मजा आपल्यासाठीच चालली आहे. त्याचे कान वाऱ्यावर आणि उरलेले तीन गुलाबी मोजे खिडकीवर होते.

लिंबायतच्या मांडवात गाणी थांबलेली होती. मांडवाच्या मधोमध योगिता पाटावर बसली होती, नखशिखांत पिवळी, आणि दिव्यासारखी लखलखत होती. चार बाया तिला पदरानं वारा घालत होत्या. पार्वतीबाई वाटीत बोट घालून ते डोळ्यांशी नेऊन बघत होती, आणि सुषमा रडायच्या बेतात उभी होती.

"हाई कशी हयद शे व माय?" पार्वतीबाई म्हणत होती. "कव्हयनं बसेल शेतस, वायतच नई, सुकतच नई! तेलमा कालवी का काय तुम्ही?"

भाईदास पुढे झाला. इतक्या बायांसमोर बोलायची त्याची आयुष्यात पहिलीच वेळ. मागून धोटा येऊन त्याच्या पायाला टेकून बसला, आणि त्या टेकण्यानं त्याला धीर आला.

"माय, हाई हयद नई शे," तो म्हणाला. "हाई मना धोटाना पायले लावाना मलम शे."

पार्वतीबाईनं बोट अंगापासून लांब धरलं.

"कोना पायले?"

भाईदासनं धोट्याकडे बोट दाखवलं. धोट्यानं शेपटी हलवली.

"हाई काय करी टाकं बाबा तुम्ही!" सुषमा किंचाळली आणि तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. एक करवली म्हणाली, अगं बाई, कुत्र्याचं मलम! दुसरी म्हणाली, अंगभर! मग सगळ्याच एकदम बोलायला लागल्या. भाईदास मान खाली घालून उभा होता. आता पार्वतीबाई तोंड उघडेल आणि लग्न संपेल, धर्मेंद्र आयुष्यभर आपलं तोंड बघणार नाही, असं त्याला स्वच्छ दिसत होतं.

तेवढ्यात कुणीतरी खुदकन हसलं. योगिता होती ती. तिनं हसू दाबायला गाल धरले, तर हात गालावरून घसरले, आणि मग तिला आवरेना. साड्यांना टिकल्या चिकटवून चिकटवून डिंकानं सोललेली तिची बोटं होती. ती तिनं मैत्रिणींपुढे धरली. "बघा ना, कशी लोण्यासारखी झाली!" असं म्हणून ती पाटावरच डोलायला लागली. मैत्रिणींनी तिचे हात चाचपून बघितले, मग वाटीत बोटं घातली, आणि एकीनं तर खाली बसून टाचांना लावून घेतलं.

"चूप बठा!" पार्वतीबाई गरजली. सगळ्या बसल्या. ती भाईदासकडे वळली. "देवनं नाव लिसन कुटेल हयद, ती कोठे गयी मंग?"

भाईदासनं खाली बसून धोट्याचे मोजे सोडले आणि एकेक पाय उचलून दाखवला. चारही पंजे पिवळेधम्मक होते. बोटांच्या फटीत हळद, नखांवर हळद. कुठल्याही नवरदेवाला लागली नसेल इतकी मायेनं लावलेली हळद.

पार्वतीबाई साखरपुड्यापासून या जनावराच्या वाऱ्याला उभी राहिली नव्हती. पण प्रश्न रीतीचा होता, आणि रीतीचा प्रश्न आला की तिला भीती वाटायची नाही. ती वाकली, डोळे बारीक करून पंजे बघितले, वास घेतला. पुन्हा सरळ झाली आणि निकाल द्यायला लागली. हळद देवाला दाखवलेली, खरी. ती नवऱ्याला लागली नाही, म्हणजे नवऱ्याला हळद लागलीच नाही. नवऱ्याला नाही तर नवरीलाही नाही. तेव्हा दोघांनी आत्ता अंघोळ करायची, साबण लावून, दोनदा. सवाष्णींनी पुन्हा हळद कुटायची. नवऱ्याला लावायची, उष्टी इकडे आणायची. लग्न उद्या ठरल्या वेळी.

भाईदासला ऐकू आलं ते एवढंच, की लग्न उद्या. तो धोट्याशेजारी जमिनीवर बसला. सुषमा डोळे पुसत करवल्यांना गोळा करायला लागली.

"चला मंग," दगा मांडवाच्या दाराशी येऊन म्हणाला. "सुषमाताईले गोडादराले सोडस आनि कुत्राले लईसन इच्छापोर जास. माले उशीर व्हई राह्यना."

"कोठे?" पार्वतीबाईनं विचारलं.

"इच्छापोर, माय. आज हाऊ कुत्रा घरमाईन जानार, असं तुम्हीच सांगेल व्हतं ना?"

पार्वतीबाईचा चेहरा बदलला. काहीतरी फार भयंकर ऐकल्यासारखी ती दगाकडे बघत राहिली.

"हयद लागेल जीवले उंबराबाहेर धाडतस का कोनी?" ती म्हणाली. "वारं लागस, नजर लागस. तुमनामा रीत शे का नई काही? हयद अंगवर शे तवपावत घर सोडानं नई!"

"मंग हयद उतरी का लई जासू," दगा समजुतीनं म्हणाला. "परवा."

"आनि उतारी कोन?" पार्वतीबाई कडाडली. "हयद जोडीना हाते उतरस. नवरी नवरानी उतारस, नवरा नवरीनी उतारस. यानी जोडी कोठे शे? सांग! कोठे शे यानी नवरी?"

करवल्या एकमेकींकडे बघायला लागल्या. धोट्याला नवरी नव्हती, हे सगळ्यांना कबूलच करावं लागलं. नवरी नाही तर हळद उतरणार नाही. हळद उतरणार नाही तर धोटा घर सोडणार नाही. आज नाही, परवा नाही, कधीच नाही. योगिताच्या हे सगळ्यांच्या आधी लक्षात आलं आणि तिनं पाटावर बसल्या बसल्या टाळी वाजवली. मग सुषमा हसली, मग दगा, मग आख्खा मांडव, आणि सगळ्यात शेवटी पार्वतीबाईच्या लक्षात आलं, की आपण काय बोलून बसलो. तिनं कमरेची चंची दोन्ही हातांनी घट्ट धरली. पण निकाल दिला तो दिला. दिलेला निकाल तिनं आयुष्यात कधी फिरवला नव्हता.

भाईदास हसत नव्हता. तो धोट्याच्या मानेत तोंड खुपसून, इतक्या बायांसमोर, पोटभर रडत होता. धोटा कुठेही जाणार नाही, हे एक वाक्य साखरपुड्यापासून त्याला काही केल्या बोलता आलं नव्हतं, आणि आता बोलायची गरजच उरली नव्हती.

"आते उठा व्याही, जमीनवर काय बसनात?" पार्वतीबाई लांबूनच म्हणाली. "घर लई जा त्याले. आनि पायी चालाडू नका, उचलीसन लई जा. रस्ता तपेल शे."